कॅबिनेट किती वर्षांसाठी?

आमच्या आईच्या लेखी कॉम्प्युटरचे दोनच भाग असतात. टीव्हीसारखा दिसतो तो कॉम्प्युटर आणि टेबलाखाली असतो तो सीपीयू. "अगं आई, सीपीयू म्हणजे आतली एवढीशी चिप. बाहेरचा तो डबा, त्याला कॅबिनेट म्हणतात," हे मी तिला गेली पंचवीस वर्षं सांगतो आहे. ती दर वेळी "हो का?" म्हणते आणि पुढच्या वाक्यात पुन्हा सीपीयूच म्हणते. पुण्यात शेजारीपाजारी सगळेच असं म्हणतात, त्यामुळे बहुमत तिच्या बाजूला आहे.

आज त्या डब्याबद्दलच लिहायचं आहे. कारण गेले दोन महिने आमच्या घरात, म्हणजे तोक्योच्या कोतो वॉर्डातल्या ओजिमामधल्या दोन खोल्यांत, दुसरा विषय नव्हता.

तर झालं असं, की १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. माझ्या मशीनचं पोट २०१४ सालचं, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठव्या पिढीची चिप लागते. म्हणजे मदरबोर्ड नवा, प्रोसेसर नवा, मेमरी नवी. त्यात वर्षाच्या शेवटी मेमरीचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी असे काही चढवले, की रोज दुकानाच्या पाटीकडे बघून पोटात गोळा यायचा. आता सगळं नवं घ्यायचंच तर कॅबिनेटही नवं घेऊ, असा साधा विचार केला. तो साधा नव्हता.

पुण्यात आम्ही पहिलं मशीन जोडलं २००१ मध्ये, तपकीर गल्लीतून. वडील, मी आणि 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' एक मावसभाऊ. पेंटियम थ्री, १२८ एमबी रॅम, १५ इंची मॉनिटर, एकेक वस्तूवर घासाघीस झाली. कॅबिनेटची पाळी शेवटी आली. दुकानदाराने विचारलं, "उभं की आडवं?" आम्ही म्हटलं, "उभं." संपली निवड. रंग बदामी, पत्रा असा की कडेला बोट कापेल, आणि आत एसएमपीएस फुकट. एसएमपीएसच्या पाठीला एक लाल खटका होता, ११५ आणि २३०. पुढे मावसभावाने "हे काय असतं?" म्हणत तो ११५ वर सरकवला आणि बटण दाबलं. जो काही आवाज झाला, तो ऐकून खालच्या मजल्यावरचे काका वर आले.

नवा एसएमपीएस आला. कॅबिनेट तेच राहिलं. उन्हाळ्यात त्याचं एक दार कायम उघडं आणि समोर टेबल फॅन. पायाला पत्रा लागला की झिणझिण्या यायच्या, कारण आमच्या त्या भिंतीतल्या सॉकेटचं अर्थिंग नावापुरतं होतं. "कॅबिनेट करंट मारतंय, चप्पल घालून बस," हे वाक्य आमच्या पिढीतल्या किती मुलांनी ऐकलं असेल!

पुढे नोकरीमुळे जपानला आलो आणि २००९ मध्ये इथे दुसरं कॅबिनेट घेतलं. अँटेकचं पी१८२. अर्ध्या मीटरहून उंच आणि रिकामंच सुमारे १४ किलो. त्याची दारं तीन थरांची, बाहेर-आत अॅल्युमिनियम आणि मधे प्लास्टिक, म्हणजे आवाज बाहेर येऊ नये. वीजपुरवठ्याला तळाशी वेगळा कप्पा, म्हणजे त्याची उष्णता बाकीच्यांना लागू नये. सायलेंट पीसी रिव्ह्यू या संकेतस्थळाच्या माइक चिनच्या मदतीने अँटेकने २००५ मध्ये पी१८० काढलं होतं, त्याचा हा धाकटा भाऊ. नवं मॉडेल येत होतं म्हणून स्वस्तात मिळालं. घरी कसं आणलं ते विचारू नका.

त्या कॅबिनेटात आजवर तीन मदरबोर्ड राहून गेले. आणि चौथा, २०२५ मधला, तोही बसला असता. हीच मला या सगळ्या प्रकारातली नवलाची गोष्ट वाटते. इंटेलने एटीएक्स नावाचा आराखडा १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक जागी, मागची खिडकी एवढी. तीस वर्षांत प्रोसेसर कुठल्या कुठे गेले, फ्लॉपी गेली, सीडी गेली, पण ती भोकं जागची हलली नाहीत. पुढच्या बटणाच्या दोन वायरी आजही तशाच दोन पिनांवर बसतात. चिप पाच वर्षांत जुनी होते, डिस्क कधीतरी मरते, ग्राफिक्स कार्डाचं आयुष्य मुलं ठरवतात. कॅबिनेट मात्र राहतं. बाकीचे सगळे भाडेकरू, हे घर.

म्हणून मी लोकांना नेहमी सांगत आलो, की इतर भागांवर चारशे येन वाचवा, पण कॅबिनेट नीट निवडा. इतरांना सांगणं सोपं असतं.

ओजिमाहून अकिहाबारा जवळ आहे. भुयारी शिंजुकू लाइन पकडायची, सातवं स्टेशन इवामोतोचो, तिथून डोक्यावरच्या एक्सप्रेस-वेच्या सावलीतून चालत इझुमी पूल ओलांडला की आलंच. कोतो या नावाचा अर्थच 'नदीच्या पूर्वेला' असा आहे, सुमिदा नदीच्या. तेव्हा आम्ही नदीपलीकडचे लोक, पुणेकरांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

अकिहाबाराची कथा मला फार आवडते. युद्धानंतर या भागात रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले लागायचे. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवायचा हुकूम निघाला आणि त्यातल्या बऱ्याच जणांना सोबू लाइनच्या पुलाखाली हात-दोन हातांचे गाळे मिळाले. तसे गाळे आजही आहेत. एकात नुसते खटके, एकात नुसत्या वायरी. १९७६ मध्ये तिथल्याच रेडिओ काइकान इमारतीत एनईसीने बिट-इन उघडलं, टीके-८० नावाचं संगणकाचं किट विकत घेणाऱ्यांना शिकवायला. पुढे १९८२ पासून एनईसीच्या पीसी-९८०१ घराण्याचं राज्य. त्यात बाहेरचा बोर्ड, बाहेरचा डबा चालायचा नाही. १९९० मध्ये आयबीएमने डॉस/व्ही आणलं, साध्या पीसीवर जपानी अक्षरं उमटायला लागली, आणि मग जगभरचे स्वस्त भाग इथे आले. घरी जोडलेल्या मशीनला इथे 'जिसाकु' म्हणतात, म्हणजे स्वतः केलेलं. आपल्याकडे 'असेंबल्ड' म्हटलं की त्यात थोडी गरिबी डोकावते, पैसे कमी होते म्हणून जोडून घेतलं. जिसाकु शब्दात उलट थोडी ऐट आहे.

त्सुकुमो नावाचं एक जुनं दुकान आहे. त्सुकुमो म्हणजे नव्याण्णव. तिथे कॅबिनेटं मांडून ठेवलेली असतात, हात लावून बघता येतात. मी आणि लेक गेलो. ती सोळा वर्षांची आहे आणि हे मशीन मुख्यतः तिला हवं होतं. चित्रं काढते, व्हिडिओ जोडते, आणि मला वाटतं त्याहून जास्त वेळ गेम खेळते.

मी बघितलं तर बहुतेक कॅबिनेटांना पत्राच नव्हता. दोन बाजूंनी काच, कोपऱ्यात खांबसुद्धा नाही, आत रंगीत दिवे. मत्स्यालयच. लेक म्हणाली, "बाबा, हे!" मी म्हटलं, "यात मासे कुठे सोडायचे?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी पुढचे दोन विनोद गिळले.

काचेबद्दल माझं म्हणणं एवढंच की आपण भूकंपाच्या देशात राहतो. ती काच कडक केलेली असते हे खरं, पण तिचा कोपरा कठीण फरशीवर आपटला की क्षणात चुरा होतो. शंभर येनच्या दुकानात भूकंपरोधक चिकट गाद्या मिळतात, त्यावर डबा बसवता येतो. पण खाली तातामी असेल तर गादी चिकटणार कशाला?

घरी येऊन मी माझ्या सवयीप्रमाणे कोष्टक केलं. ज्यांना मशीन जोडायचं असेल त्यांच्यासाठी त्याचं सार देतो.

पहिलं, माप. आधी बोर्ड ठरवा, मग डबा. एटीएक्स मोठा, मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस, आणि मिनी-आयटीएक्स, जो व्हिआने २००१ मध्ये आणला, तो १७० मिलिमीटर चौरस, म्हणजे साधारण आपल्या लहान ताटाएवढा. मग दोन आकडे तपासायचे : ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची. लोक इथेच फसतात. मोठे टॉवर कूलर १६५ मिलिमीटरपर्यंत उंच असतात, घरी आणल्यावर दार लागत नाही, आणि मग उघड्या दाराचं पुणं पुन्हा सुरू होतं.

दुसरं, हवा. पुढून गार हवा आत, मागून आणि वरून गरम बाहेर. दार उघडं टाकून पंखा लावला की छान वाटतं, पण ठरलेल्या वाटेने वाहणारी हवा मग कुठेही भरकटते आणि धूळ मात्र नेमाने आत येते. पुण्यात आम्ही कित्येक वर्षं हेच केलं. आत हवा ओढणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जास्त ठेवावेत आणि त्यांना जाळी लावावी, म्हणजे फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही.

तिसरं, आवाज. ज्या खोलीत मशीन, त्याच खोलीत रात्री गादी घालून कुणीतरी झोपणार असेल तर हा मुद्दा पहिला. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि गप्प राहतो. लहान डब्यात लहान पंखे, त्यांना पळावं लागतं, आणि पळणारा बोलतो.

चौथं, वजन. आणि इथे माझं कोष्टक अडकलं.

इथे राहणाऱ्या आपल्या लोकांच्या घरात प्रत्येक खरेदीच्या आधी एक प्रश्न असतो, बोलला जात नाही इतकंच. 'हे परत जाताना नेता येईल का?' जपानची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. त्यामुळे फ्रिज, वॉशिंग मशीन, भाताचा कुकर, यातलं काही तिकडे चालत नाही. उलट तिकडून आणलेला मिक्सर इथे चालवायला पाच-सहा किलोचा ट्रान्सफॉर्मर लागतो. आमच्याकडे आहे. त्याच्याशिवाय खोबरं वाटलं जात नाही.

घरातल्या मोठ्या वस्तूंपैकी एकट्या कॉम्प्युटरला हा प्रश्न नाही. हल्लीचा एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट आपोआप समजून घेतो. तो लाल खटका गेला. वायर बदलली की झालं. म्हणजे आमच्या घरातली कायमची वस्तू म्हणावी तर हीच.

म्हणून मी लहान कॅबिनेट काढलं. स्वीडनच्या फ्रॅक्टल कंपनीचं टेरा, २०२३ मध्ये आलेलं, जेमतेम १०.४ लिटरचं. आमचं जुनं धूड ५६ लिटरच्या आसपास भरतं. टेराच्या मधोमध एक भिंत आहे, एकीकडे बोर्ड, दुसरीकडे ग्राफिक्स कार्ड. ती भिंत सरकवता येते. एका बाजूला जागा वाढवली की दुसरीकडची तेवढीच कमी होते. दोन खोल्यांत तिघांनी राहायचं तंत्र ज्याला कळलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि मुख्य म्हणजे जपानी विमान कंपन्यांच्या हातसामानाची मर्यादा, ५५ बाय ४० बाय २५ सेंटिमीटर आणि एकूण १० किलो, त्यात ते आरामात बसतं. हे सगळं मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं.

ती कणीक मळत होती. म्हणाली, "किती वर्षांसाठी घेतोयस?"

"कॅबिनेट? दहा-पंधरा तरी."

"मग विमानाचं माप कशाला बघतोयस?"

मंडळी, यावर मला उत्तर सुचलं नाही. आम्ही २००८ मध्ये आलो ते तीन वर्षांसाठी. हे घर यूआरच्या वसाहतीतलं. त्यांना जामीनदार लागत नाही, घरमालकाला नजराणा द्यावा लागत नाही, म्हणून आपली पुष्कळ मंडळी इथे असतात. तात्पुरतं म्हणून घेतलं. त्या तात्पुरत्या घरात लेक सोळा वर्षांची झाली. आणि २००९ मध्ये ज्या माणसाने १४ किलोचं कॅबिनेट घेतलं तो काय समजून घेत होता? तेव्हा मी नवाच होतो, जायची तारीखसुद्धा ठाऊक होती, आणि घेतलं मात्र धूड. आता कुठेही जायची तारीख नाही, आणि बघतोय हातसामानाचं माप.

मी विषय बदलला. म्हटलं, जुन्याचं काय करायचं ते तरी बघू. इथे वस्तू टाकणं हा घेण्याइतकाच मोठा कार्यक्रम असतो. तोक्योच्या वॉर्डांत साधारण ३० सेंटिमीटरहून मोठी वस्तू म्हणजे 'सोदाइ गोमी', मोठा कचरा. आगाऊ नोंद करायची, पैसे भरून चिठ्ठी आणायची, ती वस्तूवर डकवायची. पण कॉम्प्युटर त्यातही घेत नाहीत. घरगुती कॉम्प्युटर ज्याने बनवला त्यानेच परत घ्यायचा, असा नियम ऑक्टोबर २००३ पासून आहे. जिसाकुवाल्यांची पंचाईत अशी, की बनवणारा कोण? मीच. अशा अनाथ मशीनांसाठी एक संस्था आहे, तिला शुल्क द्यायचं आणि तिच्याकडे पाठवायचं. मी अर्ज उघडून बसलो.

बायको हात धुऊन आली आणि म्हणाली, "तो टाकायचा नाही."

गेली सोळा वर्षं त्या धुडाला पाय आपटून 'हे एकदा जाऊ दे घरातून' म्हणणारी व्यक्ती ती हीच.

त्या कॅबिनेटच्या डाव्या दाराला वरच्या बाजूला एक पोचा आहे. ११ मार्च २०११, शुक्रवार, दुपारी पावणेतीन. मी शिनागावाला ऑफिसात. गाड्या बंद, फोन लागत नाही. तोक्योतल्या लाखो माणसांसारखा मीही चालत निघालो, एइताई पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत रात्र झाली. लिफ्ट बंद. नऊ मजले जिन्याने चढलो. बायको लेकीला कडेवर घेऊन दारातच उभी होती. आत कपाटाच्या वरच्या फळीवरचा तो मिक्सरचा ट्रान्सफॉर्मर खाली आलेला होता, आणि तो पडला होता कॅबिनेटवर. लेक तेव्हा दीड वर्षाची. कॅबिनेटला टेकून बसून ठोकळे खेळायचा तिला नाद होता, पाठीला ऊब लागायची म्हणून. त्या दिवशी दोन मिनिटं आधी ती रडली म्हणून बायकोने उचललं होतं, एवढंच.

मशीन चालूच होतं. दाराला पोचा पडला, डिस्कला काही झालं नाही. ट्रान्सफॉर्मर तेव्हापासून जमिनीवर असतो.

आम्ही याबद्दल कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोललो नाही. मी अर्ज बंद केला.

दुसऱ्या शनिवारी लेकीला घेऊन पुन्हा अकिहाबाराला गेलो. मनात होतं, की तिला हवं ते काचेचं घेऊन टाकावं. ती बराच वेळ मत्स्यालयांसमोर उभी राहिली आणि मग टेराकडे वळली. पुढच्या लाकडी पट्टीवरून बोट फिरवत म्हणाली, "बाबा, हेच घेऊ."

"तुला ते काचेचं हवं होतं ना?"

"ते इथे घरी छान दिसेल. पण दोन-तीन वर्षांनी मी कॉलेजला गेले की? क्योतोला गेले तर? होस्टेलची खोली केवढी असते माहितीये का?"

तिने माप बघितलं होतं. शिंकानसेनच्या डोक्यावरच्या फळीचं.

परत येताना गाडीत मी गप्प होतो. 'हे नेता येईल का' हा प्रश्न इतकी वर्षं मी माझाच समजत होतो. या घरातून आता जायचं आहे ते तिला. मी १४ किलोवाला आहे. माझी भोकं जागची हलणार नाहीत.

टेरा तिनेच जोडलं, मी नुसता टॉर्च धरला. एक स्क्रू कमी पडला. मी माझी फिल्मची जुनी डबी काढली, तीत तपकीर गल्लीच्या काळापासूनचे स्क्रू आहेत. जाड आट्यांचे इंचाचे आणि बारीक आट्यांचे मिलिमीटरचे. जपानीतही त्यांना 'इंची' आणि 'मिरी'च म्हणतात. एक मिरी निघाला आणि चपखल बसला.

जुन्या धुडावर लिनक्स टाकलं. २०१४ चं पोट त्यावर मजेत चालतं आहे. हा लेख त्यावरच लिहितोय. पायाशी आहे, उबदार आहे. तीन पिनांची हिरवी अर्थिंगची वायर मात्र नीट जोडली आहे, झिणझिण्या येत नाहीत.

रविवारी आईला फोन केला. लेकीचं नवं मशीन कॅमेऱ्यातून दाखवलं. "एवढासा सीपीयू?" आई म्हणाली. मग म्हणाली, "तुझा इथला सीपीयू द्यायचा का रे भंगारवाल्याला? खोली रंगवायची आहे." मागून वडिलांचा आवाज आला, "राहू दे तो. जागा खातोय का तुझी?" तिने कॅमेरा फिरवला. टेबलाखाली २००१ चं बदामी कॅबिनेट होतं, तिने विणलेलं पांढरं आच्छादन अंगावर घेऊन. मी निघालो तेव्हा घातलेलं. अठरा वर्षांत कुणी ते चालू केलेलं नाही, आणि आच्छादन धुतलेलं दिसत होतं.

"राहू दे, आई," मी म्हटलं. "सीपीयू चांगला आहे तो."